'चवीपुरतं मीठ' म्हणजे नेमकं किती? चिवड्याची चटक कुठून येते

हेडफोन लावलेत ना? हातात चिवड्याची वाटी असेल तर ती बाजूला ठेवू नका, जवळच राहू द्या. आज तिच्यावरच बोलायचं आहे.

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना मध्ये मध्ये येणारे 'अं', 'काय म्हणतात ते' काढून टाकलेत. बाकी गप्पा त्याच आहेत.

तर मी बोलतोय बोरगाव मेघेहून. वर्धा शहराला अगदी लागून असलेलं आमचं गाव. आमच्या विदर्भात खाऱ्या-तिखट खाण्याची कमी नाही. सकाळी तर्री पोहे, त्यावर मूठभर शेव. दुपारच्या चहासोबत आलुबोंडा. संध्याकाळी कच्चा चिवडा, म्हणजे मुरमुऱ्यांवर कच्चं तेल, तिखट, मीठ, बारीक चिरलेला कांदा आणि वरून सांबार. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं ते नव्हे! शिवाय खारे फल्लीदाणे, फुटाणे, पापड, आणि दिवाळीत डबे भरून चिवडा आणि चकली.

आता यातली कुठलीही रेसिपी उघडा. पोहे इतके वाट्या, दाणे इतके, तेल इतकं, सगळं मोजून दिलेलं असतं. आणि शेवटी काय लिहिलेलं असतं? 'मीठ चवीपुरतं.' मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझ्यासाठी हा असा व्हेरिएबल आहे ज्याची व्हॅल्यू कुणी दिलेलीच नाही, आणि तरी प्रोग्रॅम चालला पाहिजे अशी अपेक्षा आहे.

हे सगळं आत्ताच का डोक्यात आलं, तर घरात वडिलांना बीपीचा त्रास सुरू झालाय. डॉक्टरांनी सांगितलं, मीठ कमी करा. घरी आल्यावर पहिली कुऱ्हाड पडली ती चिवड्याच्या डब्यावर. वडील काही बोलले नाहीत, पण चार वाजता चहा घेताना त्यांचा हात सवयीने फळीकडे जायचा आणि परत यायचा. ते काही बघवेना. म्हणून मी एक प्रश्न घेऊन बसलो: चिवडा खाताना जो आनंद होतो, त्यातला मिठामुळे किती आणि बाकीच्या गोष्टींमुळे किती? हे कळलं, तर मीठ कमी करूनही आनंद ठेवता येईल. आजचा एपिसोड याच प्रश्नावर आहे.

जिभेला मीठ कळतं कसं

पहिली गोष्ट साधी आहे, पण तिच्यावर पुढचं सगळं उभं आहे. मिठाचा कोरडा खडा जिभेला खारट लागत नाही. तो आधी लाळेत विरघळावा लागतो. विरघळला की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन भाग मोकळे होतात, आणि सोडियम चवीच्या पेशींमध्ये शिरलं की मेंदूला निरोप जातो: खारट!

२०१० साली उंदरांवरच्या एका संशोधनात असं दिसलं, की जिभेवरच्या काही पेशींना सोडियम आत घेण्यासाठी खास दारं असतात, आणि ही दारं नसतील तर उंदराला हलक्या मिठाची ओढच वाटत नाही. पुढे २०१३ मध्ये आणखी एक गंमत सापडली. मीठ फार जास्त झालं, तर आंबट आणि कडू चव ओळखणाऱ्या पेशीसुद्धा जाग्या होतात. म्हणजे थोडं मीठ म्हणजे 'आण अजून', आणि फार मीठ म्हणजे 'थू!'. दोन वेगळे रस्ते आहेत हे.

आपल्या 'चवीपुरतं'चा अर्थ इथे लागतो. मीठ वाढवत गेलं की चव आधी वर चढते, एका ठिकाणी टेकडीच्या माथ्यावर पोचते आणि मग धाडकन खाली येते. तो माथा म्हणजे चवीपुरतं. फक्त प्रत्येकाचा माथा वेगळ्या जागी असतो, आणि तो हलवता येतो. कसा, ते पुढे सांगतो.

आता विरघळण्याचा मुद्दा परत धरा. चिवडा आपण तोंडात किती वेळ ठेवतो? काही सेकंद. तेवढ्या वेळात जेवढं मीठ विरघळलं, तेवढंच जिभेला कळलं. जाड खड्याचा मधला भाग तसाच पोटात जातो. जिभेला त्याचा पत्ता नाही, रक्ताला मात्र तो बरोबर कळतो! याउलट बारीक मीठ झटकन विरघळतं. म्हणून तेवढ्याच वजनाचं बारीक मीठ वरून भुरभुरलं तर जास्त खारट लागतं.

अजून एक. मीठ तेलात विरघळत नाही. फोडणीच्या गरम तेलात मीठ टाकलं तरी ते तळाशीच बसून राहतं. ते पोह्यांना सगळीकडे सारखं लागत नाही, आणि चिवडा डब्यात भरला की हलून हलून खाली उतरतं. पाकिटाच्या शेवटी जो खारट-तिखट चुरा उरतो, आणि जो आपण पाकीट उलटं करून थेट तोंडात ओततो, तो हाच.

मीठ दुसऱ्यांनाही मोठं करतं

मीठ फक्त खारट लागतं म्हणून आवडतं, असं नाही. शाळेबाहेरच्या गाडीवरचा पेरू आठवा. अर्धा कच्चा, थोडा तुरट. त्याला मीठ-तिखट लावलं की तोच पेरू गोड लागायला लागतो. कारल्याला आधी मीठ चोळून ठेवतात, त्याने कडू रस सुटून निघून जातो हे खरंच. पण त्याशिवाय मीठ जिभेवरसुद्धा काम करतं. १९९७ साली ब्रेस्लिन आणि बोशॅम्प या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की सोडियम कडू चव दाबून टाकतं, आणि कडू दबलं की तिच्याखाली लपलेली गोड चव वर येते.

चिवड्यात हे सगळीकडे चाललेलं असतं. भाजलेल्या दाण्यांच्या सालीचा किंचित कडवटपणा, हळदीचा, जरा जास्त तापलेल्या मोहरीचा. मीठ त्यांना खाली बसवतं आणि मग खोबऱ्याची, डाळ्याची, पिठीसाखरेची गोडी पुढे येते. आई चिवड्यात मीठ घालते तशी चिमूटभर साखरही का घालते, याचं उत्तर यातच आहे.

आणि 'खमंग' हा शब्द? तो जिभेचा नाहीच, नाकाचा आहे. पोहे, दाणे, खोबरं भाजताना किंवा तळताना त्यातली प्रथिनं आणि साखर यांची उष्णतेने आपसात प्रक्रिया होते आणि शेकडो नवे वास तयार होतात. लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ही प्रक्रिया पहिल्यांदा मांडली, म्हणून तिला मायार प्रक्रिया म्हणतात. हिंग, कढीपत्ता, मोहरी यांचे वास तेलात उतरतात, आणि चावताना ते तोंडाच्या मागच्या बाजूने वर नाकात जातात. नाक चोंदलेलं असताना चिवडा खाऊन बघा. मीठ कळेल, तिखट कळेल, पण चिवडा कळणार नाही.

कानाने खायची गोष्ट

आता माझा सगळ्यात आवडता भाग. आपल्या भाषेत खारट पदार्थांसाठी किती शब्द आहेत बघा: कुरकुरीत, खुसखुशीत, कुडकुडीत, चुरचुरीत. यातला एकही शब्द चवीचा नाही. कुरकुर, खुसखुस, कुडकुड हे सगळे आवाज आहेत! आपल्या आज्यांना हे आधीच माहीत होतं, की अशा पदार्थाची मजा कानात असते.

विज्ञानाने हे मोजलं २००४ साली. ऑक्सफर्ड विद्यापीठातले मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी लोकांना हेडफोन लावून बटाट्याचे चिप्स चावायला दिले. चावण्याचा आवाज माइकमध्ये पकडून, त्यात बदल करून, त्याच क्षणी त्यांच्या कानात सोडला. चिप्स सगळे सारखेच. पण आवाज मोठा केला, किंवा त्यातले बारीक-टोकदार सूर वाढवले, की लोक म्हणायचे, हा चिप जास्त कुरकुरीत आहे, जास्त ताजा आहे. आवाज दाबला की तोच चिप शिळा वाटायचा. या प्रयोगाला २००८ मध्ये आयजी नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस.

हा आवाज येतो कुठून? तळणीत टाकलेल्या पापडाभोवती जे बुडबुडे येतात, ती पापडातल्या पाण्याची वाफ असते. पाणी बाहेर पडतं आणि मागे बारीक बारीक पोकळ्या राहतात. बुडबुडे थांबले म्हणजे पाणी संपलं, आता काढा! मुरमुऱ्याचंही तसंच. तापलेल्या वाळूत तांदळाच्या दाण्यातल्या पाण्याची एकदम वाफ होते, आणि दाणा फुगतो. आपण चावतो तेव्हा या पोकळ्यांच्या पातळ भिंती एकामागोमाग एक तडकतात. प्रत्येक भिंतीचा एक छोटा आवाज. ते सगळे मिळून 'कुर्रर्र'.

मे महिना आणि जुलै महिना

आता आमच्या वर्ध्याच्या हवेकडे या. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा अशी कोरडी, की चिवड्याचं ताट उघडं राहिलं तरी संध्याकाळपर्यंत काही बिघडत नाही. याच उन्हात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे वाळतात. तेच ताट जुलैमध्ये उघडं ठेवा. थोड्या वेळात चिवडा सादळतो.

सादळतो म्हणजे काय होतं? पोह्यातला स्टार्च कोरडा असताना काचेसारखा वागतो. कडक, आणि जोर पडला की तडकणारा. त्यात थोडं पाणी शिरलं की तो रबरासारखा होतो, दाबला तर दबतो पण तुटत नाही. तुटत नाही म्हणून आवाज नाही, आवाज नाही म्हणून मजा नाही. बघा, सादळलेल्या चिवड्यात मीठ तेवढंच आहे, तिखट तेवढंच आहे, तेल तेवढंच आहे. तरी पहिला घास घेतल्यावर आपण वाटी खाली ठेवतो. चटक फक्त मिठाची असती, तर सादळलेला चिवडाही तेवढ्याच आवडीने खाल्ला असता.

आणि मीठ इथे उलट त्रासच देतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं व्हायला लागतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ते यामुळेच. म्हणजे चिवड्यावर मीठ जास्त असेल, तर पावसाळ्यात तो सादळायलाही मदतच.

आमचा कच्चा चिवडा हा तर वेळेशी शर्यत असलेला पदार्थ आहे. कांद्याला मीठ लागलं की पाणी सुटायला सुरुवात होते, आणि मुरमुरे ते पाणी पिऊन घेतात. म्हणून कच्चा चिवडा कालवला की गप्पा बंद, आधी खाऊन घ्यायचा. पाच मिनिटं फोनवर बोलून आलात तर समोर लगदा.

मूठ थांबत का नाही?

'एकच मूठ' म्हणून बसतो आणि डबा अर्धा होतो. यामागे दोन-तीन गोष्टी एकत्र असतात.

पहिली गोष्ट म्हणजे विविधता. एकच चव, एकच पोत सारखा खाल्ला की त्या पदार्थाचा कंटाळा येतो, पण दुसरं काही समोर आलं की परत भूक लागते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर बरंच काम केलं. जेवून ढेकर दिल्यावरही गोडासाठी जागा निघते, ते यामुळेच. आता चिवड्यात प्रत्येक घास वेगळा असतो. एका घासात दाणा, दुसऱ्यात खोबऱ्याचा काप, तिसऱ्यात तळलेली मिरची, चौथ्यात कढीपत्ता. कंटाळा यायला वेळच मिळत नाही.

दुसरी गोष्ट, तोंडात विरघळून जाणं. मुरमुरे, पातळ पोहे, शेव हे हलके असतात, जिभेवर टेकले की नाहीसे होतात. किती खाल्लं याचा अंदाज शरीराला उशिरा येतो. फुटाणे खाताना असं होत नाही, ते चावून चावून जबडा दुखतो आणि मूठ आपोआप थांबते.

आणि तिसरी गोष्ट तुमच्या-माझ्या हातात आहे, अक्षरशः. फोन! २०१३ साली एका डच अभ्यासात लोकांना एकीकडे डोक्याला काम देऊन दुसरीकडे चव बघायला सांगितली. डोकं जास्त गुंतलेलं असताना त्यांना गोड, आंबट, खारट सगळंच फिकं लागलं, आणि आवडायला अधिक तीव्र चव लागली. म्हणजे रील बघत चिवडा खाल्ला तर मीठ कमी जाणवतं, मग अजून हवंसं वाटतं. आता तुम्ही म्हणाल, मग पॉडकास्ट ऐकत खाल्ला तर? त्यावर मी सोयीस्करपणे गप्प बसतो.

मिठाची सवय मोडते का?

मिठाचा विषय निघाला आणि वर्ध्याच्या माणसाने सेवाग्रामचं नाव काढलं नाही, असं होणार नाही. गांधीजी १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं. मिठावरचा कर गरिबाला सगळ्यात जास्त जाचतो, हा त्यांचा मुद्दा होता. आमच्या विदर्भाला समुद्र नाही, पण अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात दहीहांड्याला लोकांनी खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढून १९३० मध्येच सत्याग्रह केला. पुढे १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, आणि १९४० मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं.

आता गंमत बघा. ज्यांनी मिठासाठी एवढी पायपीट केली, त्यांनी त्याच्या कितीतरी वर्षं आधी, दक्षिण आफ्रिकेत असताना, स्वतः मीठ सोडलं होतं. कस्तुरबा आजारी होत्या. गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला सांगितलं तर तुम्हालाही जमणार नाही. झालं! गांधीजींनी तिथल्या तिथे वर्षभरासाठी दोन्ही सोडून दिलं. हा प्रसंग त्यांनी आत्मकथेत लिहिलाय.

मला यात विरोध वाटत नाही. मीठ मिळणं हा हक्क आहे, आणि किती खायचं ही सवय आहे. मे महिन्याच्या उन्हात शेतात राबणाऱ्या माणसाच्या घामातून मीठ जातं, त्याला ते परत मिळालंच पाहिजे. मी दिवसभर कूलरसमोर बसून कोड लिहितो. माझा असा किती घाम जातो?

आणि सवय मोडते का, याचं उत्तर 'हो' आहे. १९८२ साली अमेरिकेत बर्टिनो, बोशॅम्प आणि एंगलमन यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही तरुणांनी पाच महिने कमी मिठाचं खाणं खाल्लं. त्यानंतर त्यांना सूप आणि खारी बिस्किटं दिली, तर पूर्वीपेक्षा कमी मीठ असलेलीच त्यांना आवडायला लागली होती. मघाशी मी टेकडीचा माथा हलतो म्हटलं ना, तो असा हलतो. पण त्याला आठवडे-महिने लागतात. चार दिवसांत 'अळणी आहे' म्हणून सोडून दिलं तर काहीच होत नाही.

थोडं गणित

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा, आणि त्यात भाजी, वरण, लोणचं, पापड सगळं आलं. जगाची सरासरी १०.८ ग्रॅम आहे, दुपटीहून जास्त. सोडियम जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि दाब वाढतो. बीपीचं आणि मिठाचं नातं मुख्यतः हे आहे.

पाकिटावर बहुतेक वेळा मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं, तेही १०० ग्रॅममागे मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणा, मीठ मिळेल. समजा ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय. ८०० गुणिले २.५ म्हणजे २,००० मिलिग्रॅम, अर्थात २ ग्रॅम मीठ. २०० ग्रॅमचं पाकीट एका मॅचमध्ये संपवलं तर ४ ग्रॅम. दिवसाचा कोटा जवळपास तिथेच संपला, जेवण अजून व्हायचंय!

मग आमच्या घरी काय केलं

डीबगिंगचा एक नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तोच वापरला. घरात एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आहे. आईने नेहमीसारखा अर्धा किलो पातळ पोह्यांचा चिवडा केला, मी फक्त तिचं 'अंदाजे' मीठ परातीत पडायच्या आधी मोजून घेतलं. १५ ग्रॅम भरलं. दाणे, डाळ्या, खोबरं, तेल धरून चिवडा साधारण ७५० ग्रॅम झाला. म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम मीठ.

दुसऱ्या घाण्याला सगळं तेच ठेवलं. फक्त मीठ १० ग्रॅम घेतलं, ते मिक्सरमधून पिठासारखं बारीक केलं, आणि फोडणीत न टाकता शेवटी, चिवडा कोमट असताना चहाच्या गाळणीने वरून भुरभुरलं. पोह्यांना तेलाचा पातळ थर असतोच, त्याला ते चिकटून बसलं.

मग दोन वाट्या, नाव न सांगता, घरातल्या चौघांसमोर. दोघांनी कमी मिठाच्या वाटीलाच जास्त खारट ठरवलं. एक जण म्हणाला, दोन्ही सारखेच. आणि आईने वास घेऊन, एक घास खाऊन, दोन सेकंदांत बरोबर सांगितलं कुठल्या वाटीत मीठ कमी आहे. आईसमोर कुठलीही टेस्ट केस टिकत नाही!

चार माणसांची चाचणी म्हणजे संशोधन नव्हे, हे मलाही कळतं. पण ३० ग्रॅमच्या वाटीत ०.६ ग्रॅमच्या जागी ०.४ ग्रॅम मीठ आलं, एक तृतीयांश कमी, आणि वडिलांच्या चेहऱ्यावर काही हरवल्यासारखं दिसलं नाही. चार वाजताची वाटी परत सुरू झाली, मोजून एकच. पाकिटातून किंवा डब्यातून थेट खाणं बंद. डॉक्टरांनाही विचारून घेतलं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर थोडक्यात सांगतो.

मीठ बारीक करा आणि शेवटी, वरून घाला. कुरकुर जपा: पोहे आधी उन्हात ठेवा किंवा मंद आचेवर नीट भाजा, चिवडा पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, झाकण घट्ट लावा. गरम भरला तर वाफेचं पाणी आतच राहतं. आंबटपणा वाढवा: आमचूर किंवा चिमूटभर लिंबूसत्व असलं की मीठ कमी असल्याचं चटकन कळत नाही. हिंग, कढीपत्ता, तीळ, धणे-जिऱ्यात हात आखडू नका, वासाला मीठ लागत नाही. भेळ किंवा कच्चा चिवडा असेल तर कैरी किंवा लिंबू. आणि डब्यात फुटाणे, फल्लीदाणे जास्त ठेवा, म्हणजे चावायला वेळ लागेल आणि मूठ लवकर थांबेल.

एक सावधगिरी. बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळतं, त्यात सोडियमऐवजी काही भाग पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीची काही ठरावीक औषधं चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. आणि हेही लक्षात ठेवा, की दिवसभराचं बरंचसं मीठ भाजी-वरण-लोणच्यातून जातं. चिवडा एकटा गुन्हेगार नाही, त्यामुळे फक्त त्याला फासावर चढवून बीपी उतरणार नाही.

आपल्याकडे म्हणतात, नावडतीचं मीठ अळणी. एकदा मनातून उतरलं की चांगलंही फिकं लागतं. कमी मिठाच्या खाण्याचं नेमकं हेच होतं. 'हे पथ्याचं' असं सांगून वाटी समोर ठेवली की पहिल्या घासाआधीच ती नावडती झालेली असते. म्हणून घरी कुणासाठी मीठ कमी करणार असाल, तर जाहीर करू नका. बारीक करा, कुरकुरीत ठेवा, खमंग करा, आणि गप्प वाटी पुढे करा.

बरं, तुमच्या घरचं 'चवीपुरतं' किती ग्रॅमचं आहे? या आठवड्यात एकदा काट्यावर मोजा आणि आकडा मला कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये आलेले आकडे वाचून दाखवेन. सादळलेला चिवडा परत कुरकुरीत करायची तुमच्या आजीची युक्ती असेल तर तीही पाठवा. आमच्याकडे ताट दुपारच्या उन्हात ठेवतात, पण जुलैमध्ये ऊन आणायचं कुठून, हा प्रश्न अजून बाकी आहे.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर काळजी घ्या, आणि डब्याचं झाकण घट्ट लावा!